पलीकडचा साबण

रविवारी दुकान बंद ठेवायचं नाही, हा अण्णांचा नियम अण्णा गेल्यावरही तेरा वर्षं टिकला. त्या रविवारी मात्र दादांनी तो मोडला. शटर अर्धं खाली ओढून त्यांनी मागच्या खोलीतलं टेबल पुसलं, तीन खुर्च्या मांडल्या आणि वकिलाकडून आणलेला कागद मधोमध ठेवून त्यावर चष्म्याचं घर ठेवलं. उडू नये म्हणून. खोलीत वारा नव्हता.

"आणि चौथी खुर्ची?" वहिनीने विचारलं.

"सह्या तिघांच्याच आहेत," दादा म्हणाले. बोलून गेल्यावर त्यांनाच ते कसंतरी वाटलं असावं, कारण घाईघाईने पुढे म्हणाले, "शिवाय तू कुठे बसणारेस? तुझी आपली धावपळ चालू असणार."

तेही खरंच होतं म्हणा. एकतीस वर्षांपूर्वी ती दादांची बायको म्हणून या घरात आली आणि तिसऱ्याच आठवड्यात अण्णांनी तिला काउंटरवर उभं केलं. दादांची बेरीज नेहमी गिऱ्हाइकाच्या फायद्याची निघायची, म्हणून. तेव्हापासून दुकान म्हणजे वहिनी आणि वहिनी म्हणजे दुकान. सगळी गल्ली तिला वहिनीच म्हणायची, तिच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे असलेले सुद्धा. पण कागदावर दुकान अण्णांच्या तीन मुलांचं होतं. वहिनीचा त्यात फक्त जन्म गेला होता.

आता ते विकायचं ठरत होतं, आणि दोष पुलाचा होता. दुकानापासून पूल चारशे पावलांवर. पूल ओलांडला की दुसरा देश, दुसऱ्या नोटा आणि दुसरे भाव. तेल तिकडे पाऊणपट किमतीला, धुण्याची पावडर निम्म्याला, आणि बिस्किटांचे भाव तर इकडच्या दुकानदाराने कानांवर हात ठेवावेत असे. शनिवारी सकाळी गल्लीतली माणसं रिकाम्या चाकांच्या पिशव्या ओढत वहिनीसमोरून पुलाकडे जात, मान दुसरीकडे वळवून. संध्याकाळी भरल्या पिशव्या घेऊन परतत, तेव्हा कुणाचा बंद तुटलेला असे, कुणाची शिवण उसवलेली, आणि मग सगळ्यांना वहिनीची आठवण येई. गेल्या वर्षी दुकानात सगळ्यात जास्त खपली ती सुतळी.

पहिला आला धाकटा. तो पुलावरच्या नाक्यावर अधिकारी होता, म्हणून घरात त्याचं नाव नाकेदार पडलं होतं. माणशी दोन लिटर तेल, दोन किलो पावडर आणि साबणाच्या सहा वड्या, एवढंच आणायची मुभा. त्यावर एक वडी निघाली तरी तो सख्ख्या भावाकडून दंड घेई. एकदा घेतलाही होता.

"बेबीताई आली नाही अजून?" त्याने टोपी काढत विचारलं.

"येईल. तिच्यावर तर सगळं अडलंय," दादा म्हणाले.

वहिनीची सगळी भिस्तही तिच्यावरच होती. बेबीवन्सं, दादांच्या पाठची बहीण, लग्न होऊन पलीकडे गेलेली. अठ्ठावन्नाव्या वर्षीही त्या बेबीच होत्या. "माझ्यानंतर या घरात गोंडस मूल झालंच नाही," असं त्या नाकेदाराकडे बघून सांगत. दर महिन्याला पूल ओलांडून यायच्या आणि शटरखालूनच विचारायच्या, "वहिनी, माझा साबण काढून ठेवलास का गं?" त्या सही करणार नाहीत, अशी वहिनीची खात्री होती. दुकान गेलं तर साबण कुठला?

आता या साबणाची गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती त्या खोलीत फक्त दोघांना माहीत होती. निदान वहिनीचा तरी तसा समज होता.

हिरवी, चौकोनी, करकरीत वासाची वडी. वन्संच्या लहानपणापासून या घरात हाच साबण. लग्नानंतर त्या म्हणायच्या, पाणी तिकडचं चालेल, साबण मात्र माहेरचाच. सहा वर्षांपूर्वी कंपनीने इकडचा कारखाना बंद केला. तोच साबण तिकडे बनू लागला, वेगळ्या नावाने, पिवळ्या कागदात. विक्रेत्याने वहिनीला हे सांगितलं त्याच महिन्यात वन्संचे यजमान गेले. आठ दिवस राहायला आलेल्या वन्संनी निघताना नेहमीसारखाच साबण मागितला, आणि वहिनीने शिल्लक राहिलेल्या शेवटच्या सहा वड्या गुंडाळून दिल्या. पुढच्या महिन्यात काय करायचं ते तिने पुढच्या महिन्यावर टाकलं.

पुढच्या महिन्यात ती पूल ओलांडून गेली. चार दुकानं पालथी घातल्यावर तो साबण एका ठिकाणी मिळाला, आणि ते दुकान नेमकं वन्संच्याच गल्लीच्या तोंडाशी निघालं. घरी येऊन तिने पिवळे कागद चुलीत घातले, वडीच्या पाठीवरची तिकडची अक्षरं सुरीने तासून काढली आणि खाकी कागदात बांधून ठेवली. "कंपनीने हल्ली वेष्टन बंद केलंय, सुटेच येतात," असं वन्संना सांगितलं. तेव्हापासून महिन्यातून दोन मंगळवार हा उद्योग चालू होता. बिचारा साबण वन्संच्या गल्लीतून इकडे यायचा आणि वन्संच्या पिशवीतून परत त्याच गल्लीत जायचा. चार इमारतींचं अंतर कापायला त्याला दोनदा परदेशप्रवास घडत होता.

दादांना ती दातांच्या डॉक्टरकडे जाते एवढंच ठाऊक होतं. नाकेदाराला सांगावं लागलं नाही. तो पुलावरच उभा असायचा, पिशवीत डोकावायचा आणि गंभीर चेहऱ्याने म्हणायचा, "सहा वड्या. घरगुती वापर. जा."

वन्सं आल्या, पण शटरखालून हाक आली नाही. चपला काढल्या, खुर्चीत बसल्या, पाणी प्यायल्या. काउंटरवर खाकी पुडकं दिसेल असं ठेवलं होतं. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली.

दादांनी घसा साफ केला. "नोटा बदलून देणारा आहे ना पुलाजवळचा, त्याला जागा हवीय. चांगली किंमत देतोय. काउंटर आहे तसाच ठेवणार, फक्त समोर काच लावणार. माझे गुडघे गेलेत, शनिवार सोडला तर गिऱ्हाईक नाही, आणि शनिवारी येतं ते सुतळीला. सांगा, काय चुकतंय माझं?"

"चुकत काहीच नाही," नाकेदार म्हणाला, पण त्याचा चेहरा काहीतरी हरवल्यासारखा झाला होता.

वहिनी दारात उभी होती. राहवलं नाही तिला. "तिकडे जे स्वस्त आहे तेच आपण विकत बसलोय. जे तिकडे महाग आहे ते विकू या की! वह्या तिकडे दुप्पट. कुकरची रिंग तिप्पट. चष्म्याची दोरी, कपड्यांच्या झिपा, गाळण्या, सगळ्याला तिकडे सोन्याचा भाव. तिकडच्या बायका पूल ओलांडून या वस्तूंसाठी पार बाजारापर्यंत पायपीट करतात, आपल्या दारावरून."

"तुला काय माहीत तिकडचे भाव?" दादांनी विचारलं.

वहिनीने पदर सावरला. "ऐकलंय," ती म्हणाली.

नाकेदार छताकडे बघू लागला. छतात बघण्यासारखं काही नव्हतं.

"ऐकीव गोष्टींवर दुकान चालत नाही," दादा म्हणाले. "अण्णांच्या दुकानात कुकरच्या रिंगा! बेबी, तू बोल."

"पेन दे," वन्सं म्हणाल्या.

वहिनी दारातून पुढे आली. "वन्सं, अहो, जरा थांबा. आधी तुमचा साबण तरी—"

"साबण नको मला. आमच्याकडे मिळतो." वन्संनी पेनाचं टोपण काढलं. "गल्लीच्या तोंडाशी, पिवळ्या कागदात. तूही तिथूनच घेतेस."

शटरपलीकडून कुणीतरी "सुतळी आहे का?" म्हणून विचारलं आणि उत्तर न मिळाल्याने निघून गेलं.

"ही कशाला जाईल तिकडे?" दादा म्हणाले. "मंगळवारी हिला दातांच्या डॉक्टरकडे..." ते थांबले. हळूहळू वळून बायकोकडे पाहू लागले. "अगं, मग दात?"

"दात ठणठणीत आहेत."

"सहा वर्षं! सहा वर्षं मंगळवारी तुझ्या सोबतीने मऊ भात गिळतोय मी! मला वाटत होतं, बत्तीसच्या बत्तीस नवे बसवून झाले असतील!" मग त्यांचा मोर्चा भावाकडे वळला. "आणि तुला माहीत होतं हे?"

"प्रवाशांच्या पिशव्यांबद्दल मी घरी बोलत नाही," नाकेदार म्हणाला. "सरकारी शिस्त आहे."

"वहिनी प्रवासी?"

"पुलावर सगळेच प्रवासी, दादा."

दुसरा कुठलाही दिवस असता तर यावर वन्सं पोट धरून हसल्या असत्या. आज त्यांनी पेनाचं टोपण परत लावलं.

"साबणाचं मला काही नाही," त्या म्हणाल्या. "पहिल्याच महिन्यात ओळखलं मी. चांगली गुळगुळीत दाढी केलेली वडी! खूप हसले, एकटीच. त्या दुकानदाराने सांगितलं, तुमच्या माहेरची माणसं नेतात हो आमच्याकडून. म्हटलं, आता वर येईल. पुढच्या मंगळवारी येईल." त्या आता फक्त वहिनीशी बोलत होत्या. "माझ्या खिडकीतून दिसतेस तू. महिन्यातून दोनदा. तोंडासमोर छत्री आडवी धरून. ऊन नाही, पाऊस नाही, तरी छत्री! मी वर उभी असते. आधणात कपभर पाणी जास्त टाकलेलं असतं. सहा वर्षं झाली. एकदा म्हणून जिना चढली नाहीस."

"हाक मारायची होतीत," वहिनी कशीबशी म्हणाली.

"मारली असती तर चोरी पकडल्यासारखं झालं असतं तुला. ते मला नको होतं."

वहिनीला एवढंच दिसत होतं की जी बाई दुःखी होऊ नये म्हणून ही सगळी उठाठेव केली, तिलाच तिने महिन्यातून दोनदा दुखवलं होतं, आणि तेही अगदी नेमाने, वेळ न चुकवता.

वन्संनी कागदाची घडी करून पर्समध्ये टाकली. "मी सही माझ्या घरी करीन. मंगळवारी. वहिनीने येऊन घेऊन जायचं. दुसरं कुणी आलं तर दार उघडणार नाही."

"मग झालंच की," दादा खूश होऊन म्हणाले. "मंगळवारी जातेच ती तिकडे. वाटच सापडली."

पेच कसला पडला ते दादांना कळलंच नाही. नाकेदाराला कळलं. त्याने वहिनीकडे पाहिलं आणि टोपी डोक्यावर घातली. वहिनी गेली तर सही मिळणार आणि दुकान जाणार. नाही गेली तर दुकान राहणार, आणि त्या घराचं दार तिच्यासाठी पुन्हा कधी उघडणार नाही.

सोमवारभर वहिनी वन्संवर मनोमन चिडलेली होती. भांडी आपटून झाली, दादांना दोनदा वाकडं उत्तर देऊन झालं. केवढं हे रुसणं! म्हातारपणी शोभतं का? पण सुतळीचं बंडल सोडवताना तिला ती खिडकी आठवे. खिडकीत कुणी उभं असेल, असं तिच्या मनातही कधी आलं नव्हतं. छत्रीमुळे दिसणार तरी कसं? आणि मग राग कुठल्या कुठे जाऊन तिला रडूच यायचं. गिऱ्हाइकांना वाटलं, सर्दी झाली असेल.

मंगळवारी दहा वाजता तिने काउंटर पुसला. कोपऱ्याशी लाकूड तिच्या कोपरामुळे गुळगुळीत झालं होतं, त्यावरून एकदा हात फिरवला. इथे काच येणार. काचेमागे कुणी अनोळखी माणूस नोटा मोजत बसणार. तिने दादांना हाक मारली, "बसा हो इथे, मी जाऊन येते," आणि छत्री न घेता बाहेर पडली.

पुलावर नाकेदार उभाच होता. रिकाम्या हातांनी येणारी वहिनी त्याने प्रथमच पाहिली.

"जाण्याचं कारण?"

"सही आणायला."

त्याने शिक्का हातातच धरून ठेवला. मागे रांगेत चार माणसं होती. तो वाकून हळूच म्हणाला, "वहिनी, मागे फिरा. तुम्ही गेला नाहीत तर सही नाही, सही नाही तर विक्री नाही. दादाला मी सांगतो, आज पूल बंद होता म्हणून."

"तुम्ही? खोटं बोलणार?"

"एकदाच. अण्णांच्या खुर्चीवर बसून अभ्यास केलाय मी त्या दुकानात."

वहिनीचे डोळे भरून आले. या माणसाने एका जादा वडीसाठी भावाला दंड केला होता, आणि आज तो अख्खा पूल बंद करायला निघाला होता.

"भाऊजी," ती म्हणाली, "सहा वर्षं त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी जाऊन परत आलेय मी. शिक्का मारा."

त्याने शिक्का मारला.

वन्संची इमारत गल्लीत मध्यावर होती. साबणाच्या दुकानदाराने सवयीने सहा वड्या पुढे केल्या, वहिनीने मानेनेच नको म्हटलं. दोन मजले चढायला तिला वेळ लागला. दार उघडंच होतं, आणि आतून भांड्यांचा आवाज येत होता.

"ये. बस," वन्सं स्वयंपाकघरातून म्हणाल्या, ती रोजच येत असल्यासारख्या.

खोलीत एक पलंग, दोन खुर्च्या, यजमानांचा फोटो. त्याच्याखाली कपाट, कपाटाचं दार अर्धवट लागलेलं, आणि आत खाकी कागदातली पुडकी वरपर्यंत रचलेली. वहिनी बघतच राहिली.

"वापरवेना मला," चहाचे कप ठेवत वन्सं म्हणाल्या. "एवढी मेहनत करून तासलेल्या वड्या. अंगाला लावून संपवायच्या कशा?"

कागद टेबलावर होता, पेन त्याच्याशेजारी. दोघींनी तिकडे पाहिलं आणि दोघींनी चहा घेतला.

"आलीस म्हणजे दुकान जाणार, हे कळलं होतं ना तुला?"

"कळलं होतं."

"तरी आलीस?"

"आले."

वन्संनी कप खाली ठेवला. "मग एक सांग. पहिल्याच महिन्यात सरळ म्हणाली असतीस, वन्सं, तुमचा साबण आता इकडे येत नाही. काय बिघडलं असतं?"

वहिनीने कपाटातल्या पुडक्यांकडे पाहिलं. "तुम्ही तेव्हा घराबाहेर पडत नव्हतात," ती म्हणाली. "कुणाकडे जात नव्हतात, कुणाशी बोलत नव्हतात. फक्त साबण न्यायला म्हणून आलात. मला भीती वाटली. साबण नाही म्हटलं तर तुम्ही कशाला याल?"

वन्संनी चष्मा काढला. पुसला, घातला, पुन्हा काढला. मग डोळ्यांतलं पाणी पुसायचं सोडूनच दिलं त्यांनी. कागद उचलला, पेन हातात घेतलं, कागदाच्या खाली सहीची जागा शोधली आणि पेन परत ठेवलं.

"आणि मी आता सही दिली," त्या म्हणाल्या, "तर तू कशाला येशील?"

कागद त्यांनी कपाटात पुडक्यांच्या वर ठेवला आणि दार दाबून लावलं. "दादाला सांग, बेबीने पुढच्या मंगळवारी बोलावलंय."

"आणि पुढच्या मंगळवारी?"

"तेव्हा म्हणेन, पेन सापडत नाही. जितकी वर्षं पुरेल तितकी पुरेल. आणि ते वह्या, रिंगा, झिपांचं तू म्हणत होतीस ना, ते त्याला पटलं नसलं तरी मला पटलंय. तिसरा वाटा आहे माझा. उद्या येते आणि त्याच्या उरावर बसून यादी करते. नाही करू दिली तर सांगते त्याला, दुकानाबाहेर उपोषणाला बसेन म्हणून."

वहिनी हसली. हसताना चहा नाकात गेला, खोकला आला, आणि वन्सं तिच्या पाठीवर थापट्या मारत राहिल्या. खोकला थांबल्यावरही त्यांनी हात काढला नाही.

"आता आलीच आहेस तर राहा आजचा दिवस," त्या म्हणाल्या. "जेव, पड जरा, खूप बोलायचंय. संध्याकाळी जा."

वहिनीने आजवर नेहमी "अण्णांचं दुकान" म्हटलं होतं, नाहीतर "ह्यांचं दुकान". एकतीस वर्षांत तिसरं काही तिच्या तोंडून निघालं नव्हतं.

"जेवते," ती कप उचलत म्हणाली, "पण संध्याकाळपर्यंत नाही हो जमायचं, वन्सं. माझं दुकान आहे."

वन्संनी तिच्याकडे पाहिलं, आणि दोन ताटं घ्यायला आत गेल्या.